यंत्रातील फट आणि माणसाची चूक



कामगार संघटनेच्या माणसाने मशीनगनवर बोलावे, हे आपणांस विचित्र वाटले असेल. किनवटच्या श्रोत्यांपुढे कापसाचा भाव किंवा पैनगंगेचे पाणी हे विषय अधिक शोभले असते. परंतु महाराष्ट्रात दारूगोळ्याच्या व शस्त्रसामग्रीच्या सरकारी निर्माण्या दहा आहेत. खडकीची तर १८६९ सालची. तेथील कामगार मित्रांशी बोलता बोलता, आणि हाती येतील ती पुस्तके वाचता वाचता, या एका यंत्राची हकीकत आमच्या मनात घर करून बसली. शस्त्रांवर आमचे प्रेम नाही. यंत्रावर मात्र आहे, आणि त्याच्याजवळ उभ्या असलेल्या माणसावर अधिक आहे.

जड मशीनगन म्हणजे अर्ध्या इंचाची, १२.७ मिलिमीटरची गोळी झाडणारी. हिच्यातील सर्वांत नामांकित बंदुकीचा आराखडा जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराने पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस केला. एम-टू हे तिचे रूप १९३३ सालचे. वजन ३८ किलो, तिवई वेगळी. गोळी सुटताना जो धक्का मागे बसतो, त्याच धक्क्यावर ती रिकामे काडतूस फेकते, नवे ओढते आणि पुन्हा झाडते. मिनिटाला साडेचारशेच्या वर. नव्वद वर्षे उलटली तरी ती अनेक सैन्यांत आहे. मग आधुनिकीकरण झाले म्हणतात, ते कशाचे?

हेलिकॉप्टरचे थोडक्यात सांगतो. उडत्या यंत्रातून नेम धरावयाचा, तर क्षणभरच सावज समोर असते. म्हणून गोळ्यांचा वेग वाढवावा लागतो. १९६५ च्या युद्धात पाकिस्तानच्या सेबर विमानांवर याच घराण्यातील सहा सहा बंदुका होत्या, त्या मिनिटाला सुमारे बाराशे गोळ्या झाडीत. आजच्या हेलिकॉप्टरच्या दारातील बंदूक हजाराच्या आसपास झाडते. तिच्या बैठकीत धक्का शोषणारी रचना असते, आणि तापलेल्या नळीत काडतूस आपोआप पेटू नये म्हणून झाडणे थांबले की बोल्ट उघडाच राहतो.

गाड्यांचे प्रकरण आम्हांला अधिक कळले, कारण ते सांगणारा माणूस भेटला. आमच्या परिचयाचे एक निवृत्त जवान टी-७२ रणगाड्यावर होते. या रणगाड्याच्या डोक्यावर १२.७ ची मशीनगन असते. ती चालवावयाची तर झाकण उघडून छातीपर्यंत बाहेर उभे राहावे लागते. ते म्हणाले, “साहेब, खाली एवढे जाड पोलाद, आणि आम्ही बनियनवर!” पुढे टी-९० मध्ये ती आतून चालविण्याची सोय झाली. आता तर कॅमेऱ्यातून पाहून, गाडी हलली तरी रोख न हलता झाडणाऱ्या बैठका निघाल्या आहेत. यातही उणे आहेच. कॅमेरा पाहतो ते नळीतून पाहिल्यासारखे, आणि पट्टा अडकला की पुष्कळ ठिकाणी कोणाला तरी वर चढावेच लागते.

पण आम्हांला सांगावयाचे आहे ते एका लहानशा फटीविषयी. एम-टूची नळी आट्यांनी बसते. काडतूस आत गेल्यावर त्याचे बूड आणि बोल्टचे तोंड यांच्यामध्ये जे अंतर राहते, ते नेमके हवे. नळी कमी पिळली तर पितळी कवच फुटून तापलेला वायू मागे उसळतो, बंदूक फुटते, माणूस जायबंदी होतो; जास्त पिळली तर बंदूक चालत नाही. म्हणून नळी बदलली की दर वेळी गेज घालून हे अंतर जुळवावयाचे, मग दुसऱ्या गेजने झाडण्याची वेळ जुळवावयाची. गेज घालून पाहा, असे शिकविले जात होतेच. परंतु रात्र असते, चिखल असतो, गेज हरवलेले असते, समोरून गोळ्या येत असतात. मग अपघात झाला की शोध लागे: सैनिकाने अंतर तपासले नाही.

२०१० साली अमेरिकन सैन्याने एम-टू-ए-वन हा सुधारलेला नमुना घेतला. त्यात नळी नुसती सरकवून अडकविली की झाले. अंतर कारखान्यातच कायमचे ठरलेले. जुन्या बंदुकाही तशाच करून घेतल्या. एवढी एक फट बुजावयास ७७ वर्षे लागली! हाताने अंतर जुळविणाऱ्यांचे कसब त्यामुळे वाया गेले, हे खरे आहे. कसब गेले की मजुरी घटते, या भीतीने आम्हीही कधी काळी अशा सुधारणांना विरोध केला आहे. ती भीती अगदीच खोटी नव्हती.

आपल्याकडे १४ फेब्रुवारी २०२४ रोजी संरक्षण मंत्रालयाने नौदल व तटरक्षक दल यांच्यासाठी दुरून चालविण्याच्या १२.७ मिलिमीटरच्या ४६३ बंदुकांचा करार केला. रक्कम १,७५२ कोटींची, कंपनी कानपूरची. ही सरकारी कंपनी म्हणजे १ ऑक्टोबर २०२१ रोजी ४१ निर्माण्यांच्या ज्या सात कंपन्या झाल्या, त्यांतील एक. त्या वाटणीला कामगारांचा विरोध होता, आणि त्याच वर्षी संपबंदीचा कायदाही आला. त्याची मुदत एक वर्षाची होती. बंदूक चालविणारा पोलादाआड गेला, याचा आम्हांला आनंद आहे. ती आणि तिचा दारूगोळा घडविणारा कोठे उभा आहे, हेही विचारले पाहिजे. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या निर्माणीत स्फोट झाला. आठ कामगार गेले.

हे आम्हांला इतके का लागते, तेही सांगतो. १९९४ च्या हंगामात मराठवाड्यातील एका जिनिंग कारखान्यात रेच्यावर काम करणाऱ्या एका बाईने अडकलेला कापूस काढावयास हात घातला. रूळ चालूच होता. तीन बोटे गेली. चौकशीच्या कागदावर कारण लिहिले होते, “कामगाराचा निष्काळजीपणा”. आम्ही १९४८ चा कारखाना कायदा घेऊन गेलो. एकविसाव्या कलमात धोक्याच्या भागाला कुंपण घाला, असे स्पष्ट होते. मालक म्हणाले, बायांना ताकीद दिली होती. भरपाईसाठी अडीच वर्षे खेटे घातले.

पुढच्या हंगामाआधी त्या रेच्यावर लोखंडी जाळी बसली. फिटरने ती अर्ध्या दिवसात केली, कारखान्याच्याच भंगारातून. आम्ही त्याला शाबासकी द्यावयास गेलो, तर तो वर न पाहता म्हणाला, “दादा, हिचे माप मी चार वर्षांपूर्वीच काढून ठेवले होते.”