आकुर्डीत परतलेली चेतक

पुण्याहून जुन्या मुंबई रस्त्यानं निघालात की निगडीच्या अलीकडे आकुर्डी लागते. इथंच बजाजचा कारखाना. त्यांची चेतक स्कूटर आली 1972 साली. नाव राणा प्रतापांच्या घोड्याचं, पण हाती यायला कित्येक वर्षं नंबर लावून बसावं लागे. आणि आली तरी थंडीच्या सकाळी तिरकी केल्याशिवाय सुरू होईल तर शपथ!

पुढे गिऱ्हाईक मोटरसायकलकडे वळलं. उत्पादन चाकण, वाळूज आणि करसवलतींच्या, उत्तराखंडातल्या पंतनगरकडे सरकलं. 2007 मध्ये आकुर्डीतलं उत्पादन थांबलं. मुंबईच्या गिरणगावात 1982 च्या संपानंतर गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिले; इथंही तेच होणार, असं वाटत होतं. पण भोसरी-चिंचवडच्या सुटे भाग बनवणाऱ्या लहान वर्कशॉपना टाटा मोटर्ससारखी इतरही गिऱ्हाइकं होती. माझ्या मते, या भागाला तारलं ते या वर्कशॉपनीच.

10 जून 2022, बजाज ऑटोचे माजी अध्यक्ष राहुल बजाज यांची जयंती. त्या दिवशी आकुर्डीतच विजेवरच्या चेतकचा कारखाना सुरू झाला: गुंतवणूक सुमारे 750 कोटी रुपये, क्षमता वर्षाला 5 लाख गाड्या. ही चेतक मात्र तिरकी करावी लागत नाही.