जैवनीतिशास्त्राच्या परिषदा आणि आपले विद्यार्थी

(महोत्सवाच्या सभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या दिवशीं मागील पिढ्यांच्या कष्टांचें स्मरण करावें, हें योग्यच आहे. परंतु त्या पिढ्यांनीं जें मिळविलें, त्याचा पुढें कसा उपयोग करावयाचा, याचाही विचार त्याच दिवशीं झाला पाहिजे. १९९४ सालीं नांदेड येथें स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालें. १ मे १९९९ रोजीं परभणींतून निघून हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. २०२४ सालीं हिंगोलींत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालें. विद्या अशी दारापर्यंत चालत आली असतां तिचें स्वागत कसें करावें, या विचारानें आज आम्ही एका नव्या कार्याविषयीं बोलणार आहों. पदवीचें शिक्षण घेणाऱ्या आपल्या मुलामुलींना जैवनीतिशास्त्राच्या परिषदांस जाण्यासाठीं साह्य करणें, हें तें कार्य होय.

शब्द अवघड आहे, परंतु विषय घरचाच आहे. दवाखान्यांत सहीसाठीं पुढें केलेला कागद रोग्यास कोणी समजावून सांगितला काय? नव्या औषधाचा प्रयोग कोणावर करावा, आणि त्याची संमति कशी घ्यावी? ज्याच्या बरें होण्याची आशा उरली नाहीं, त्यास यंत्रांच्या आधारें किती काळ ठेवावें? अशा प्रश्नांचा शांतपणें आणि सकारण विचार करणें, याचें नांव जैवनीतिशास्त्र. हा शब्द १९२७ सालीं जर्मनींतील हाल्ले नगरचे प्रॉटेस्टंट पाळक फ्रिट्झ यार यांनीं आपल्या लेखांत योजिला होता. आपल्या ख्रिस्तसभेलाही हा विषय परका नाहीं. २४ नोव्हेंबर १९५७ रोजीं परमगुरुस्वामी बारावे पायस यांनीं डॉक्टरांपुढें बोलतांना स्पष्ट केलें कीं, जीव राखण्यासाठीं साधारण उपाय करणें हें कर्तव्य आहे. असाधारण व अति भारी उपाय करण्याचें बंधन मात्र नाहीं.

कोणी म्हणेल, हा तर मोठमोठ्या डॉक्टरांचा आणि न्यायाधीशांचा विषय. आमच्या पोरांचें तेथें काय काम? त्यांनीं अरुणा शानबाग यांचें उदाहरण ध्यानांत घ्यावें. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांतील या परिचारिकेवर १९७३ सालीं भयंकर अत्याचार झाला. त्यानंतर २०१५ सालीं मरण येईपर्यंत त्या अंथरुणासच खिळून होत्या. त्यांचें अन्न बंद करून त्यांस मरूं द्यावें काय, असा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढें आला. तेव्हां २०११ च्या निकालांत न्यायालयानें असें ठरविलें कीं, त्यांच्या वतीनें बोलण्याचा खरा अधिकार वर्षानुवर्षें त्यांची सेवा करणाऱ्या त्या रुग्णालयांतील मंडळींचा आहे. त्या मंडळींना त्या जिवंत राहाव्या असेंच वाटत होतें. सारांश, रोग्याच्या उशाशीं जो बसतो त्याचें म्हणणें देशाच्या सर्वोच्च न्यायासनानेंही ऐकलें. आपल्या ज्या मुली परिचारिकेचें शिक्षण घेत आहेत, त्यांनीं हें विसरूं नये.

दुसरें उदाहरण आपल्याच मराठवाड्यांतील आहे, आणि तें सांगतांना जीव कासावीस होतो. बीड जिल्ह्यांतील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांचीं गर्भाशयें काढल्याचा बोभाटा २०१९ सालीं झाला, तेव्हां शासनानें नेमलेल्या समितीच्या पाहणींत ८२,३०९ स्त्रियांपैकीं १३,८६१ स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झाल्याचें आढळलें. म्हणजे सहांत एक. पाळीच्या दिवसांत काम बुडालें तर मजुरी जाते. डॉक्टर कर्करोगाचें भय दाखवितो. घरीं बसून विचार करण्यास सवड नसते. अशा वेळीं दिलेली संमति ही संमति म्हणावी काय? हा प्रश्न पुस्तक वाचूनही विचारतां येतो. परंतु ज्याची चुलती किंवा मामी कोयता घेऊन कारखान्यावर जाते, तो विद्यार्थी जसा विचारील तसा दुसऱ्या कोणास विचारतां येणार नाहीं. म्हणून आमचें म्हणणें एवढेंच कीं, आपल्या मुलांनीं अशा सभेंत केवळ श्रोते म्हणून नव्हे, तर आपल्या गांवचा प्रश्न घेऊन जावें.

अशा परिषदा आपल्या देशांत भरत आल्या आहेत. १९९३ सालापासून वैद्यकीय नीतीविषयीं नियतकालिक चालविणाऱ्या मुंबईच्या मंडळींच्या पुढाकारानें नोव्हेंबर २००५ मध्यें पहिली राष्ट्रीय जैवनीति परिषद मुंबईंत भरली. पांचवी डिसेंबर २०१४ मध्यें बंगळूरच्या सेंट जॉन्स संस्थेंत भरली. ही संस्था भारतांतील कॅथलिक बिशपांनींच १९६३ सालीं स्थापिली आहे. सहावी जानेवारी २०१७ मध्यें पुण्यास झाली, आणि तिचा विषय होता शुश्रूषा व सन्मानाचें मरण. परंतु अशा परिषदांचें निमंत्रण खेड्यांपर्यंत आपोआप येत नाहीं, आणि आलें तरी गरिबाचा मुलगा तें वाचून बाजूस ठेवितो. तें त्यानें बाजूस ठेवूं नये, याकरितां आपण काय करावें?

प्रथम, विचारास साह्य. परिषदेस बहुधा कांहीं महिने आधीं इंग्रजींत थोडक्यांत सारांश पाठवावा लागतो. आपल्या मुलांना विषय सुचतो, पण इंग्रजीपुढें धीर सुटतो. त्यांनीं आधीं मराठींत लिहावें. मग आपल्या धर्मभगिनींनीं व शिक्षकांनीं त्यांच्याबरोबर बसून तें इंग्रजींत उतरवावें, त्यांच्यासाठीं लिहून मात्र देऊं नये. आणखी एक पथ्य आहे. शेजारणीला तिच्या शस्त्रक्रियेविषयीं विचारून तें सभेंत सांगणें, हाही एक अन्यायच होईल. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या तत्त्वांप्रमाणें माणसांविषयींच्या संशोधनास नीतिसमितीची पूर्वसंमति लागते. तेव्हां प्राध्यापकांच्या मार्गदर्शनावांचून कोणीही माहिती गोळा करण्यास निघूं नये.

दुसरें, पैशाचें साह्य. नोंदणी, प्रवास, राहणें व जेवण हे चार खर्च सर्वांना दिसतात. पांचवा दिसत नाहीं, तो म्हणजे त्या दिवसांची बुडालेली मजुरी. विद्यार्थ्यांना शुल्कांत सवलत आहे काय, हें आयोजकांस पत्र लिहून आधींच विचारावें. विचारण्यांत कमीपणा नाहीं. आणि जें साह्य द्यावयाचें तें जाण्यापूर्वींच हातांत द्यावें. ‘पावत्या आणा, मग पैसे देऊं’ हा नियम ज्याच्या खिशांत आधींच पैसे आहेत त्याच्याच सोयीचा आहे. मुलगी एकटी जाणार असेल, तर सोबतीस कोणी वडील बाई जावी आणि तिचाही खर्च आपण सोसावा. नाहीं तर आपलें साह्य केवळ मुलग्यांनाच पोंचेल.

तिसरें, सावधगिरी. शुल्क घेऊन प्रमाणपत्र देणें एवढाच ज्यांचा धंदा आहे, अशाही परिषदा आजकाल निघाल्या आहेत. कोण भरवितो, कोण बोलणार, निबंध कोण तपासतो, हें पाहिल्यावांचून एक पैसाही पाठवूं नये.

चौथें, परत आल्यावरचें काम. जो जाऊन येईल त्यानें महिन्याच्या आंत येथें, आपल्या मराठींत, सर्वांस समजेल असें बोलावें: तेथें काय ऐकलें, काय विचारलें, आणि सही करण्यापूर्वीं रोग्यानें डॉक्टरांस कोणते प्रश्न विचारावेत. ज्या दिवशीं आपल्या वस्तींतील एखादी बाई कागदावर अंगठा उठविण्यापूर्वीं ‘दुसऱ्या डॉक्टरास दाखवूं का?’ असें विचारील, त्या दिवशीं आपला खर्च फिटला असें समजावें.

आतां शंका राहिली ती अशी कीं, मुलांची परीक्षेची फी भरतांना नाकीं नऊ येतात, तेथें परिषदेचा खर्च कसला? शंका रास्त आहे. फी आधीं, परिषद मागून. याविषयीं आमचा वाद नाहीं. परंतु आपण दरवर्षीं पुष्कळांना पाठवा असें म्हणत नाहीं. वर्षास एक विद्यार्थी, मग तो वैद्यकाचा असो, परिचर्येचा असो, विज्ञानाचा किंवा कलाशाखेचा असो. आणि तो आपल्याच धर्माचा असावा, अशीही अट नको, कारण दुःखानें कोणाचा धर्म विचारलेला नाहीं. महोत्सवाच्या रोषणाईंतून थोडें वांचविलें, सुगीच्या वेळीं प्रत्येक घरानें हळदीच्या विक्रींतील कांहीं भाग बाजूस काढला, तर एवढें सहज होईल. निवड कोणी करावी आणि हिशेब कोणी ठेवावा, हें ठरविण्यासाठीं पांच जणांचें मंडळ आजच नेमावें, व त्यांत निदान दोन स्त्रिया असाव्यात, अशी आमची विनंती आहे.

देवानें मनुष्याचें शरीर हें मंदिर केलें आहे, असें आपण मानतों. त्या मंदिराविषयींचे निर्णय जेथें चर्चिले जातात, तेथें गरिबांचा एक तरी साक्षीदार उपस्थित असावा. तो तयार करणें आणि त्याच्या वाटखर्चाची सोय करणें, हें या महोत्सवाचें एक फळ होवो, हीच प्रभुचरणीं प्रार्थना.