परक्या शहरातले पहिले शंभर दिवस



पत्रिकेतले आमच्या व्याख्यानाचे नाव वाचून आपल्यापैकी काहींना थोडे नवल वाटले असेल. या व्यासपीठावरून मोठमोठे विषय मांडले जातात. आम्ही मात्र आज बोलणार आहोत ते हातात पत्र्याची ट्रंक आणि खिशात थोडे पैसे घेऊन नोकरीसाठी परक्या शहरात उतरलेल्या माणसाविषयी. विषय लहान खरा. पण ज्या घरातले कोणीच कधी असे बाहेर पडले नाही, असे घर या सभागृहात क्वचितच सापडेल. काहींचे वडील असे गेले, काहींची मुले-मुली आज गेलेली आहेत. तेव्हा हा विषय आपल्या सर्वांच्या घरचाच आहे.

1978 सालच्या जून महिन्यात आम्ही चिपळूणहून एस. टी.ने मुंबईस आलो. वय बावीस, वाणिज्य शाखेची नवी कोरी पदवी, आणि खिशात 180 रुपये. परळला आमच्या गावकीची खोली होती, तिथे ट्रंक टेकवली.

गावकीची खोली म्हणजे काय, हे आजच्या तरुणांना सांगावे लागेल. कावसजी दावर यांनी 1854 साली ताडदेवला कापडाची गिरणी काढली, आणि पुढची शंभर-सव्वाशे वर्षे कोकणातून व घाटावरून माणसांचा ओघ मुंबईकडे वाहत राहिला. बायकामुले गावी आणि कर्ता पुरुष गिरणीत, अशी तऱ्हा असल्याने एकेका गावाने मिळून चाळीत एकेक खोली धरली. आमच्या खोलीत अठरा जणांच्या ट्रंका होत्या. रात्रपाळीचा माणूस सकाळी येई, तेव्हा दिवसपाळीच्या माणसाची वळकटी नुकतीच उचललेली असे. प्रत्येकाला भिंतीवर एक खुंटी. त्या खुंटीएवढीच त्याची मुंबईतली मालमत्ता. पण त्या खोलीचा एक नियम आम्ही जन्मात विसरणार नाही. नवा आलेला माणूस पहिले तीन महिने भाडे देत नसे. त्याने फक्त केर काढायचा आणि पाणी भरायचे.

जेवणाचा महिना खानावळीत 65 रुपये. म्हणजे दोन महिन्यांचे जेवण जाता हाती 50 रुपये उरत. त्यांतच टंकलेखन, टपाल, साबण, दाढी आणि प्रवास. आम्ही कागदावर हिशेब मांडला आणि प्रवासाच्या खात्यावर सरळ शून्य घातले. शून्य घातले म्हणजे चालणे आले. आज मागे वळून पाहता, आमच्या आयुष्यातला सर्वांत फायद्याचा हिशेब तोच ठरला!

सकाळी आठला परळहून निघायचे. भायखळ्याला राणीच्या बागेपाशी पहिला विसावा. त्या बागेला लागून भाऊ दाजी लाड यांच्या नावाचे वस्तुसंग्रहालय आहे. ते लोकांसाठी उघडले 1872 साली. त्याच्या शेजारी एक दगडी हत्ती उभा आहे. ज्या हत्तीवरून पोर्तुगीजांनी घारापुरीला एलिफंटा नाव दिले, तोच हा, हे आम्हाला तिथे पहिल्यांदा कळले. त्या हत्तीकडे पाहून वाटे, हाही आपल्यासारखाच, आपले गाव सोडून मुंबईत येऊन राहिलेला. पुढे जे. जे. रुग्णालयावरून बोरीबंदर. याच बोरीबंदरहून 16 एप्रिल 1853 रोजी पहिली आगगाडी ठाण्याला गेली. आज जी भव्य इमारत आपण पाहतो ती त्यानंतरची, 1888 च्या सुमाराची. तिच्या दगडांवर कोरलेले मोर, माकडे, पाने पाहायला तिकीट लागत नाही. मात्र मान वर करून क्षणभर थांबावे लागते, आणि घाईतल्या मुंबईकराला तेवढेच जमत नाही.

आता नोकरीच्या शोधाची रीत सांगतो. 1959 च्या कायद्याने मोठ्या आस्थापनांना आपल्याकडच्या रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयाला कळवणे बंधनकारक झाले होते. जागा कळवणे बंधनकारक होते; माणूस तिथूनच घेणे मात्र बंधनकारक नव्हते. हा बारकावा ज्याला कळला तो नुसते कार्ड काढून घरी बसला नाही. आम्हीही कार्ड खिशात ठेवले आणि पायपीट सुरू केली. सकाळी वाचनालयाच्या मुक्तद्वार विभागात सगळ्या वृत्तपत्रांतल्या ‘पाहिजेत’च्या जाहिराती उतरवून घ्यायच्या. अर्ज शक्यतो हातानेच नेऊन द्यायचा. टपालाचे पैसे वाचत, आणि कचेरी कशी आहे, तिथली माणसे एकमेकांशी कशी बोलतात, हे दारातूनच कळे. ज्या कचेरीतला शिपाई साहेबाच्या घंटेला दचकतो, तिथे नोकरी मिळाली तरी सुख मिळत नाही, हा धडा आम्ही असाच शिकलो.

दुपारी एक ते दोन सगळीकडे जेवणाची सुट्टी. त्या तासात आम्ही शहर पाहत असू. पाऊस असला तर जहांगीर कलादालन. ते 1952 साली सुरू झाले आणि तिथे प्रवेशाला पैसा पडत नाही. चित्रांतले आम्हाला काही कळत नव्हते. पण रोज जाऊन जाऊन डोळ्यांना सवय झाली, आणि पुढे आयुष्यभर चित्रे पाहण्याचा नाद लागला, तो त्या पावसाच्या कृपेने. ऊन असले तर ओव्हलच्या कडेची सावली. समोर 1878 साली पुरा झालेला राजाबाई मनोरा. संध्याकाळी एशियाटिक सोसायटीच्या रुंद पायऱ्यांवर बसायचे, दिवसभरात कुठे कुठे गेलो ते वहीत मांडायचे, आणि पुन्हा परळची वाट धरायची.

नोकरी शोधणे आणि शहर पाहणे ही दोन वेगळी कामे आहेत अशी आपली समजूत असते. ‘आधी नोकरी लागू दे, मग फिरायचे’ असे वडीलधारे सांगतात. आमचा अनुभव उलटा आहे. ज्याला शहराचे रस्ते कळत नाहीत, त्याला शहरातले कामही सापडत नाही. अण्णा भाऊ साठे लहानपणी वडिलांबरोबर वाटेगावहून मुंबईला चालत आले. शाळेचे दार त्यांना जवळजवळ बंदच होते. दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाच्या जाहिराती वाचता वाचता त्यांनी अक्षरे पक्की केली, असे त्यांच्याविषयी सांगतात. महर्षी कर्वे मुरुडहून घाट चढून पायी साताऱ्याला परीक्षेसाठी गेले, आणि कोवळा चेहरा पाहून परीक्षकांनी त्यांना बसूच दिले नाही. ती पायपीट फुकट गेली, असे आज कोण म्हणेल?

येथवरची गोष्ट सांगायला सोपी आणि ऐकायला गोड आहे. आता आम्ही जे सांगणार आहोत ते आजवर चारचौघांत सांगितलेले नाही.

सहा आठवडे झाले, नोकरीचा पत्ता नव्हता. गावाहून दर आठवड्याला वडिलांचे पत्र येई आणि शेवटची ओळ एकच असे: ‘काही जमले का?’ एके दिवशी तीन ठिकाणांहून नकार घेऊन आलो, आणि त्या संध्याकाळी पोस्टकार्डावर लिहून टाकले, ‘नोकरी लागली. काळजी नसावी.’ आठ दिवसांनी उत्तर आले. आईला लिहिता येत नसे. गुरुजींच्या अक्षरात तिचे शब्द होते. तिने ग्रामदेवतेपुढे पेढे ठेवले होते आणि वाडीत घरोघर वाटले होते. पेढ्यांचे पैसे कोठून आणले, ते तिने लिहिले नव्हते. आम्हाला मात्र ते ठाऊक होते.

एक खोटे लिहिले की त्याला सांभाळायला दहा लागतात. खोलीत गावचीच माणसे, म्हणून खोलीतही नोकरी लागल्याचे सांगितले. त्यांनी भाडे मागायच्या आत आम्हीच देऊ केले. खानावळीतही तेच सांगितले. मग वाचनालयात ‘पाहिजेत’ची पाने उघडायची भीती वाटू लागली, ओळखीच्या कोणी पाहिले तर? ज्या पायऱ्यांवर आम्ही शहर पाहायला बसत होतो, त्याच पायऱ्यांवर आता लपायला बसू लागलो. मुंबई तेवढीच होती, रस्ते तेच होते. पण आमच्यापुरते ते शहर मिटले. पैसे कमी असताना जी मुंबई मोठी वाटत होती, ती खोटे बोलल्यावर कोंडवाडा झाली.

तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस खानावळीचे पैसे थकले. खानावळ चालवणाऱ्या मावशी सहा जणांच्या स्वयंपाकघरात चाळीस जणांचे जेवण रांधत. त्यांनी एका रात्री पंगत उठल्यावर आम्हाला थांबवून विचारले, “पगार झाला नाही का रे?” आम्ही खाली मान घालून खरे ते सांगितले. त्या रागावतील असे वाटले होते. त्या म्हणाल्या, “मेल्या, मग आधी बोलला का नाहीस? मागच्याच महिन्यात पाटणकडचा तो समोर बसणारा विचारत होता, हिशेब येणारा पोरगा आहे का म्हणून. मी म्हटलं, एक होता, पण त्याला लागली नोकरी!”

महिनाभर नोकरी आमच्या समोरच्या पाटावर बसून जेवत होती, आणि आम्ही तिच्यापासून तोंड लपवत होतो! सुदैवाने ती जागा अजून भरली नव्हती. चार दिवसांनी, मुंबईत पाऊल टाकल्याच्या एकशेदोनाव्या दिवशी, आम्ही मशीद बंदरच्या एका पेढीत बिले लिहू लागलो. पहिला पगार झाल्यावर घरी सर्व खरे लिहिले. गुरुजींच्या अक्षरात आईचे उत्तर आले: ‘पेढे पुन्हा ठेवले. पहिले कशाचे होते ते देवीला कळले असेल.’

अशा खानावळवाल्या मावशी गिरणगावात जागोजाग होत्या. प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून त्यांना एकत्र आणले आणि राष्ट्रीयीकृत बँकांची छोटी कर्जे मिळवून देऊन सावकाराच्या तावडीतून सोडवले. कामगारांच्या अडल्या-नडल्या दिवसांत उधारीवर पंगती वाढल्या त्या याच बायकांनी. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि त्यानंतर ते गिरणगाव पूर्वीचे राहिले नाही. पुष्कळ गिरण्यांच्या जागी आज उंच मनोरे आहेत.

आज नव्याने आलेला मुलगा फोनवरून एका रात्रीत शंभर अर्ज करतो. जाहिराती शोधायला त्याला चालावे लागत नाही, हे चांगलेच झाले. पण शंभर अर्जांना एकही उत्तर नाही, अशा वेळी खोलीच्या चार भिंतींत एकट्याने फोनकडे पाहत बसणे, हा आमच्या काळी नसलेला भोग त्याच्या वाट्याला आला आहे. त्याला आम्ही एवढेच सांगू: दिवसातून एकदा तरी बाहेर पड. बेस्टचे किमान भाडे 2019 मध्ये 5 रुपये केले होते, ते 2025 मध्ये 10 रुपये झाले. तेही परवडत नसेल तर चाल. आणि नोंदणी, प्रशिक्षण वा गणवेश असे कोणतेही नाव देऊन जो आधी पैसे मागतो, तो नोकरी देणारा नव्हे. तिथून उठून ये. सर्वांत मुख्य म्हणजे, नोकरी शोधतो आहेस हे चार माणसांना सांग. त्यात लाज कसली?

त्याच्याशी बोलून झाले, आता आपल्याशी. आपल्या शहरातही रोज कोणी ना कोणी पिशवी घेऊन उतरतो आहे. शहराचा मोठेपणा आपण रुंद रस्त्यांवरून मोजतो. आमचे माप निराळे आहे. ज्याच्या खिशात पैसे नाहीत अशा माणसाला, आणि विशेषतः एकट्या मुलीला, या शहरात दुपारचे दोन तास मानाने कोठे बसता येते? पिण्याचे पाणी, स्वच्छ शौचकूप, सावलीतला बाक, स्वस्त जेवण हे तिला न विचारता सापडते काय? राज्य शासनाने 2020 साली 10 रुपयांची शिवभोजन थाळी सुरू केली, तिच्यामागचा विचार हाच होता. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आपल्या राज्यात 1967 पासून आहे. पण आपल्या वाचनालयाचा मुक्तद्वार विभाग भर दुपारी उघडा असतो की कुलूपबंद, हे आपल्यापैकी कितीजणांनी जाऊन पाहिले आहे? कायदा मुंबईत होतो. कुलूप आपल्या गावात असते, आणि त्याची किल्ली आपल्याच कोणाच्या तरी खिशात असते.

आणि ज्यांची मुले बाहेर गेली आहेत त्या आई-वडिलांना हात जोडून एक विनंती. आज रात्री फोन कराल तेव्हा ‘काही जमले का?’ असे विचारू नका. ‘आज कुठे कुठे फिरलास? काय काय पाहिलेस?’ असे विचारा. त्या प्रश्नाला मुलाला खरे उत्तर देता येते. आणि एकदा खरे बोलायची वाट मोकळी राहिली, की नोकरीची वाटही फार दिवस अडून राहत नाही.