मोहनवीणा

जयपूरच्या विश्वमोहन भट्ट यांच्या सतारीच्या घरात एका जर्मन विद्यार्थिनीबरोबर गिटार आली आणि कुमारवयातील विश्वमोहन तिच्यात गुंतले. वाद्य देखणे खरे. परंतु पडदे मींडेची वाट अडवीत. मग ते मांडीवर आडवे आले, मेरू उंच करून तारा पडद्यांपासून उचलण्यात आल्या आणि त्यांवरून पोलादी कांडी फिरू लागली. पुढे तरफेच्या बारा तारा चढल्या. गिटारीच्या लाकडाने एवढा ताण सोसावा, ही अपेक्षा तशी अन्यायाचीच! राय कूडर यांच्या गिटारीबरोबर मोहनवीणेची ध्वनिमुद्रिका १९९३ साली निघाली. १९९४ मध्ये तिला ग्रॅमी पारितोषिक लाभले. तरफा मात्र आजही रागाबरहुकूम नव्याने लावाव्या लागतात. एखादी किंचित उतरली, तरी जाणत्याच्या कानाला ती लगेच खुपते.