अकरा मिलिमीटर

परवा संध्याकाळी माझी भाची एक कागद घेऊन घरी आली. पाचवा महिना, सोनोग्राफी नुकतीच झालेली. कागदावर एका आकड्याखाली रेघ ओढलेली होती : ११ मिलिमीटर. "मामा, बाळाच्या डोक्यात पाणी जास्त आहे म्हणतात. आता काय करायचं?"

मी पडलो भाषेचा मास्तर. तेव्हा डॉक्टरांना विचारून जे समजले, तेच आपल्यापुढे ठेवतो.

कानाला ऐकू न येणारा ध्वनी पोटात सोडायचा आणि परतणाऱ्या प्रतिध्वनींचे चित्र जुळवायचे, एवढीच ही युक्ती. धातूतले दोष शोधणाऱ्या यंत्रावर प्रयोग करून ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांनी ती १९५८ साली वैद्यकापुढे मांडली. आज १८ ते २२ आठवड्यांच्या सुमारास बाळाचा मेंदू असा तपासतात. मेंदूत द्रवाने भरलेल्या पोकळ्या असतात. त्यांची रुंदी १० मिलिमीटरच्या आत असावी. पाठीचा कणा उघडा राहिला असेल, तर पुष्कळदा कवटी लिंबासारखी आणि लहान मेंदू केळ्यासारखा वाकलेला दिसतो.

मग अकरा म्हणजे निकाल लागला का? नाही, बरे का! ही नुसती शंका झाली. रुंदी १० ते १२ असेल आणि दुसरा काही दोष नसेल, तर दहांतली नऊ मुले तरी नीट वाढतात. पण दुसरा दोष नाही, हे पाहावे लागते. त्यासाठी तज्ज्ञाकडून पुन्हा सोनोग्राफी, गर्भजलाची तपासणी, कधी एमआरआय. उलट, कागद स्वच्छ आला म्हणजे हमी मिळाली, असेही नाही. मेंदूच्या बऱ्याच घड्या शेवटच्या तीन महिन्यांत पडतात. त्यांतले दोष विसाव्या आठवड्यात कसे दिसावेत?

म्हणून तारीख चुकवू नका आणि घाबरून निर्णयही घेऊ नका. व्यंग खरोखरच गंभीर असेल, तर २०२१ च्या कायदादुरुस्तीप्रमाणे २४ आठवड्यांनंतरही वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने गर्भपात करता येतो. विचाराला तेवढी सवड आहे.

आणखी एक. "ग्रहणात काही चिरलंस का गं?" हा प्रश्न आमच्या घरातही निघालाच. ग्रहणाचा नि मेंदूचा काडीचा संबंध नाही. त्या पोरीला आधीच झोप नाही. तिच्या माथी दोष कशाला?

पुढच्या आठवड्यात तिची दुसरी तपासणी आहे. मी बरोबर जाणार आहे. तुमच्या घरी असा कागद आला, तर तुम्हीही जा.