न दुखणारी जखम



आज आपण पायाविषयी बोलणार आहोत. पेरणी, खुरपणी, पाणी भरणे, बाजारहाट, सारी कामे पायांच्या जिवावर चालतात. तोंड आपण रोज धुतो, आरशात पाहतो. तळपाय मात्र महिना महिना कोणी पाहत नाही. तो रोज पाहावा, हे सांगायला आम्ही आलो आहोत.

आधी आमचीच एक चूक सांगतो.

मलमपट्टीची पेटी घेऊन आम्ही एका गावी बाजाराच्या दिवशी बसत असू. तिथे एक काका येत. वय पन्नाशीच्या पुढे. दीड एकर कोरडवाहू रान. त्यांच्या उजव्या तळव्याला, अंगठ्याच्या खाली, रुपयाएवढी जखम होती. बाभळीचा काटा वहाणेतून आरपार गेला होता.

काका म्हणाले, "काटा कवा मोडला ते कळलंच न्हाई. रातच्याला पाय धुताना रगत दिसलं, तवा समजलं."

आम्ही हसलो. म्हणालो, "काका, तुम्ही मोठे सोशिक!" जखम धुतली, मलम लावले, पट्टी बांधली. काका त्याच पायाने चालत रानात गेले. पुढच्या बाजारी पुन्हा आले. पुन्हा मलम, पुन्हा पट्टी. असे दहा बाजार झाले. आम्ही मलम बदलले. जखम होती तशीच राहिली.

अकराव्या बाजारी काका बैलगाडीतून आले. पाय सुजला होता. घाण वास येत होता. दोन बोटे काळी पडली होती. आम्ही त्यांना तालुक्याच्या दवाखान्यात नेले. तिथल्या डॉक्टरांनी आधी रक्तातली साखर तपासली. ती फार वाढलेली निघाली. काकांना मधुमेह होता, आणि तो कोणालाच ठाऊक नव्हता. पाय वाचला, पण अंगठा आणि शेजारचे बोट काढावे लागले.

काका घरी आल्यावर आम्ही भेटायला गेलो. काका आम्हांला रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "दुखलं असतं तर पयल्याच दिवशी दवाखाना गाठला असता की. दुखत नव्हतं, म्हून बरं हाय आसं वाटलं."

मंडळी, काटा आरपार गेला तरी कळले कसे नाही? हा प्रश्न आम्ही पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. आम्ही तो विचारला नाही. आम्ही जखम पाहिली, माणूस पाहिला नाही.

दुखणे हा राखणदार

दुखणे कोणाला हवे असते? कोणालाच नाही. पण दुखणे हा आपल्या देहाचा राखणदार आहे. काटा टोचला की तो ओरडतो, "पाय उचल!" चटका बसला की ओरडतो, "मागे हो!" राखणदार झोपला तर शेतात गुरे शिरतात. तसेच पायाचे होते.

तमिळनाडूत वेल्लोर नावाचे शहर आहे. तिथे १९४६ साली डॉक्टर पॉल ब्रँड काम करू लागले. कुष्ठरोग झालेल्या लोकांच्या हातापायांची ते चिकित्सा करीत. त्या काळी लोक समजत, की या रोगाने बोटे आपोआप झडतात. ब्रँडसाहेबांनी नीट पाहिले. बोटे रोगाने झडत नव्हती. रोगाने बोटे बधिर होत होती. मग कळत नसल्यामुळे भाजत, कापत, ठेचत. काही रोग्यांची बोटे तर रात्रीत कमी होत. शोध केला तेव्हा कळले, की झोपेत उंदीर कुरतडून जात होते. माणसाला जाग येत नव्हती. मग तिथे मांजरे पाळली.

मधुमेहातही असेच होते. साखर बरीच वर्षे वाढलेली राहिली, की पायाच्या नसा मरतात. आधी मुंग्या येतात, आग होते. मग पाय गप्प होतो. गप्प झाला म्हणजे बरा झाला, असे समजू नका.

जखम कधी जुनी म्हणायची?

साधी जखम दिवसागणिक लहान होत जाते. दोन आठवड्यांत जखम भरायला लागली नाही, तर समजावे, आत काही कारण आहे. त्या कारणाला हात घातल्याशिवाय वरचे मलम फुकट जाते. मुळाशी वाळवी असेल तर पानांवर पाणी मारून झाड जगत नाही.

पायाच्या जुन्या जखमेची मोठी कारणे चार. जखम कुठे आहे आणि ती कशी वागते, यावरून डॉक्टर ती ओळखतात. आपल्यालाही अंदाज येऊ शकतो.

पहिले कारण, बधिर पाय. मधुमेहाने किंवा कुष्ठरोगाने हे होते. जखम तळव्याला, जिथे भार पडतो तिथे होते. कडा जाड, घट्ट्यासारख्या असतात. दुखत नाही. कुष्ठरोगात अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असतो, तिथे स्पर्श कळत नाही. कुष्ठरोग औषधाने पूर्ण बरा होतो. सहा महिने किंवा बारा महिने औषध घ्यावे लागते, आणि ते सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. रोग लपवू नका. लपवल्याने पाय जातो.

दुसरे कारण, फुगलेल्या शिरा. पायातले रक्त वर हृदयाकडे चढवायचे काम शिरा करतात. आत लहान झडपा असतात. त्या सैल पडल्या, की रक्त खाली तुंबते. पाय संध्याकाळी सुजतो. घोट्याजवळची कातडी काळपट पडते, खाज येते. मग आतल्या घोट्याच्या वर जखम होते. ती उथळ असते, पसरत जाते, तिच्यातून लस गळते. तासन् तास उभे राहून काम करणाऱ्यांना हा त्रास जास्त होतो.

तिसरे कारण, रक्त पोचत नाही. हृदयाकडून पायाकडे रक्त नेणाऱ्या नळ्या अरुंद होतात. विडी, सिगारेट आणि तंबाखू हे याचे मोठे कारण आहे. चालताना पोटरी आवळून येते, थांबले की सुटते. पाय गार पडतो. रात्री पाय ठणकतो, आणि खाटेखाली लोंबता सोडला की बरे वाटते. जखम बोटांच्या टोकाला किंवा टाचेला होते. ही जखम फार दुखते. अशा माणसाने विडी सोडली नाही, तर औषधालाही यश येत नाही.

चौथे कारण थोड्यांना असते, पण विसरू नये. वर्षानुवर्षांची जखम किंवा जुना भाजल्याचा व्रण कधी कधी कर्करोगात बदलतो. कडा उंच होतात, कोबीच्या फुलासारखे मांस वाढते, लगेच रक्त येते. तेव्हा डॉक्टर लहानसा तुकडा काढून तपासायला पाठवतात. त्याला भिऊ नका.

एकाच पायात दोन कारणेही असू शकतात. मधुमेह आणि विडी एकत्र आली तर धोका आणखी वाढतो. म्हणून डॉक्टर रक्तातली साखर पाहतात. पावलावरची आणि आतल्या घोट्यामागची नाडी चाचपतात. दंडाचा आणि घोट्याजवळचा रक्ताचा दाब मोजून ताडून पाहतात. जखम खोल असेल तर हाडाचा फोटो काढतात. "एवढ्याशा जखमेला एवढ्या तपासण्या कशाला?" असे म्हणू नका. आम्ही केल्या नव्हत्या, आणि काकांची दोन बोटे गेली.

कारण तसा उपाय

आता उपचार ऐका. कारण वेगळे, तसा उपायही वेगळा.

बधिर पायाच्या जखमेला भार नको. पायवाटेवर गवत उगवत नाही. माणसांची ये-जा थांबली, की आपोआप उगवते. तळव्याच्या जखमेचे असेच आहे. तिच्यावर चालत राहिलात, तर ती भरणार नाही. डॉक्टर कडेचे मेलेले कातडे काढतात. भार वाटला जावा म्हणून पायाला खास प्लास्टर किंवा बूट देतात. साखर ताब्यात आणतात. जखम भरल्यावर मऊ रबराची, खाली टणक तळ असलेली चप्पल वापरायची. ती जन्माची सोबतीण समजा.

फुगलेल्या शिरांच्या जखमेला बोटांच्या मुळापासून गुडघ्याखालपर्यंत आवळपट्टी बांधतात. ती सकाळी, सूज चढायच्या आत बांधायची. बसताना पाय वर ठेवायचा. मधूनमधून चालायचे, कारण पोटरीच्या हालचालीने रक्त वर ढकलले जाते. जखम भरायला महिने लागतात. धीर सोडू नये. शिरांवर शस्त्रक्रियाही करता येते.

पण नीट ऐका. ज्या पायात रक्तच पोचत नाही, त्याला आवळपट्टी बांधली तर उरलेलेही रक्त बंद होते. पाय मरतो. म्हणून शेजाऱ्याला गुण आला म्हणून तीच पट्टी आपण बांधू नये. डॉक्टरांनी नाडी पाहून सांगितले तरच बांधावी. रक्त न पोचणाऱ्या पायाची नळी मोकळी करतात, किंवा रक्ताला दुसरी वाट करून देतात. ते जितके लवकर, तितके बरे.

काय करू नये

जखमेवर चुना, तंबाखू, शेण, राख, रॉकेल लावू नका. डाग देऊ नका. शेणामातीतून धनुर्वात होतो. धनुर्वाताची सुई घेतली आहे का, ते दवाखान्यात सांगा.

कुरूप किंवा घट्टा पात्याने घरी कापू नका. बधिर पाय गरम पाण्यात बुडवू नका. पाणी आधी कोपराने पाहा. थंडीत शेकोटीला पाय लावून बसू नका.

"जखमेला वारा लागू द्या" असे म्हातारी माणसे म्हणतात. त्यांचा हेतू चांगला आहे, पण झाकलेली जखम लवकर भरते. उकळून गार केलेल्या पाण्याने ती धुवा. धुऊन, उकळून, उन्हात वाळवलेल्या स्वच्छ फडक्याने झाका. मनाने दुकानातल्या गोळ्या आणून खाऊ नका.

काही घरांत जखम झाली, की डाळ आणि अंडी बंद करतात. असे करू नका. नवे मांस भरायला डाळ, शेंगदाणे, दूध, अंडी हवीत. पथ्य साखरेचे पाळा.

घरची परीक्षा

आता एक सोपी परीक्षा सांगतो. हिला पैसा लागत नाही.

घरच्या माणसाला खाटेवर पाय सोडून निजवा. डोळे मिटायला सांगा. आपल्या बोटाच्या टोकाने त्याच्या पायाचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी यांना एकेक करून हलकेच स्पर्श करा. दाबू नका, टोचू नका. त्याने "उजवा" किंवा "डावा" असे सांगायचे. दोन्ही पायांची मिळून सहा बोटे झाली. सहांपैकी दोन किंवा जास्त बोटांचा स्पर्श कळला नाही, तर पाय बधिर होतो आहे. आरोग्य केंद्रात जा, साखर तपासा. आशाताईंना विचारलेत तरी त्या वाट दाखवतील.

रोज रात्री पाय धुवा. बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. तळवा दिसत नसेल तर आरसा धरा, किंवा नातवाला पाहायला सांगा. वहाण घालण्याआधी आत हात फिरवा. अनवाणी चालू नका.

आणि पाय एकाएकी सुजला, लाली वर चढू लागली, वास आला, ताप आला, बोट काळे पडले, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच घटकेला दवाखाना गाठा. महाराष्ट्रात १०८ हा आकडा फिरवला, की गाडी येते.

मंडळी, ते काका आता दर बाजारी येतात. मऊ तळाची चप्पल घालून येतात. आमच्या पेटीजवळ बसतात. कोणी पायाची जखम दाखवायला आला, की आमच्या आधी काकाच विचारतात, "दुखतं का रं?" तो "नाही" म्हणाला, की काका त्याचा हात धरतात आणि म्हणतात, "मग आधी साखर तपास. पट्टी मागनं."

तुम्ही आता वाचायला शिकला आहात. ज्यांना वाचता येत नाही, अशा म्हाताऱ्यांना हा पाठ आज वाचून दाखवा. वाचून झाले, की दिवा जवळ घ्या आणि त्यांचे तळपाय पाहा.

राम राम.