गिडियनचा पेन्सिलीने लिहिलेला अर्ज



अमेरिकेतलं कोर्ट आपण पाहिलेलं असतं ते सिनेमात. बारा जणांची ज्यूरी, येरझारा घालत बोलणारा वकील आणि ऐन वेळी कोसळणारा साक्षीदार. तिथला खरा कारभार समजून घ्यायचा, तर क्लॅरन्स अर्ल गिडियन या माणसाच्या खटल्यामागोमाग जावं.

१९६१ सालचा जून महिना. फ्लोरिडा राज्यातल्या पनामा सिटीत पहाटेच्या सुमाराला पूल खेळण्याचा एक अड्डा फुटला. सिगारेटच्या मशीनमधली नाणी गेली. एका साक्षीदाराच्या सांगण्यावरून पोलिसांनी गिडियनला धरलं. पन्नाशीचा फाटका माणूस, पूर्वी तुरुंगात जाऊन आलेला. कोर्टात तो म्हणाला, वकील करायला माझ्याकडे पैसे नाहीत, सरकारने द्यावा. न्यायाधीशांनी सांगितलं, फ्लोरिडाच्या कायद्याप्रमाणे असा वकील फक्त देहदंडाच्या खटल्यात मिळतो. मग गिडियन स्वतःच उभा राहिला, जमेल तसे प्रश्न विचारले, आणि पाच वर्षांसाठी आत गेला.

आता यातलं ‘फ्लोरिडाच्या कायद्याप्रमाणे’ एवढंच घ्या. आपल्याकडे तालुक्याच्या कोर्टापासून दिल्लीपर्यंत एकच शिडी आहे. अमेरिकेत पन्नास राज्यांच्या पन्नास शिड्या, आणि शेजारी केंद्राची, म्हणजे फेडरल कोर्टांची, आणखी एक. चोरी, खून, घटस्फोट, घरमालक-भाडेकरूंची भांडणं हे बहुतेक सगळं राज्यांकडे. म्हणून एका राज्यात देहदंड आहे, तर दुसऱ्यात नाही. फेडरल कोर्टांकडे केंद्राचे कायदे, पेटंट, दिवाळखोरी वगैरे. फेडरल न्यायाधीशांना राष्ट्राध्यक्ष नेमतात, सिनेट संमती देते, आणि पुढे निवृत्तीचं वय म्हणून काही नाही. राज्यांत मात्र अनेक ठिकाणी न्यायाधीश चक्क निवडणूक लढवतात. मतं मागणारा न्यायाधीश मला तरी अजून पचलेला नाही.

गिडियनचा अर्ज फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. राज्याची वाट तिथे संपली. पण प्रश्न देशाच्या घटनेचा असेल, तर वॉशिंग्टनला दाद मागता येते. तुरुंगातल्या रेघी कागदावर पेन्सिलीने लिहिलेला त्याचा अर्ज तिथल्या सर्वोच्च न्यायालयात पोचला. नऊपैकी चार न्यायमूर्तींनी होकार दिला, तरच तिथे प्रकरण सुनावणीला येतं. हल्ली वर्षाला हजारो अर्ज येतात, पुरती सुनावणी होते ती साठ-सत्तरांची. गिडियनचा अर्ज घेतला गेला, आणि न्यायालयानेच त्याला एब फोर्टस हा नामांकित वकील दिला. १८ मार्च १९६३ रोजी नऊच्या नऊ न्यायमूर्तींचं एकमत झालं. घटनेच्या सहाव्या दुरुस्तीतला वकिलाचा हक्क राज्यांनाही बंधनकारक आहे, गंभीर गुन्ह्यातल्या आरोपीची ऐपत नसेल तर राज्याने वकील दिलाच पाहिजे, असा निकाल झाला. ही दुरुस्ती १७९१ सालची. गिडियनपर्यंत यायला तिला पावणेदोनशे वर्षं लागली!

या निकालाने गिडियन सुटला मात्र नाही. खटला पुन्हा पनामा सिटीत चालला. न्यायाधीश तेच, मुख्य साक्षीदारही तोच. या वेळी वकिलाने त्या साक्षीदाराची कसून उलटतपासणी घेतली, आणि ज्यूरीने तासाभरात गिडियनला निर्दोष ठरवलं. ही ज्यूरी सहाच जणांची होती. बाराचा आकडा फ्लोरिडात देहदंडाच्या खटल्यापुरता.

ज्यूरी म्हटलं की मुंबईकरांना नानावटी खटला आठवणार. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी दिलेला निर्दोष असल्याचा कौल तेव्हा न्यायाधीशांनी न मानता उच्च न्यायालयाकडे पाठवला. अमेरिकेत असं करता येत नाही. ज्यूरीने निर्दोष म्हटलं की विषय संपला, सरकारला त्यावर अपील नाही.

पण ज्यूरीसमोर जातात किती जण? तिथे होणाऱ्या शंभर शिक्षांपैकी नव्वदांहून अधिक आरोपीने गुन्हा कबूल केल्यामुळे होतात. सरकारी वकील म्हणतो, गुन्हा कबूल कर, कलम हलकं लावतो. खटला लढवलास तर जास्त वर्षं मागीन. निर्दोष माणूसही अशा वेळी डगमगतो. अमेरिकेचा रोजचा न्याय या सौद्यावर चालतो, आणि त्या व्यवस्थेतली ही सगळ्यात लंगडी बाजू आहे, असं माझं मत आहे.

तुमच्यापैकी अनेकांची मुलं, भाचे, पुतणे तिकडे आहेत. त्यांना दोन गोष्टी जरूर सांगा. ज्यूरीत बसण्याचं बोलावणं आलं आणि नागरिकत्व घेतलेलं नसेल, तर कागद फेकून देऊ नये. आपण नागरिक नाही असं खरं कळवावं. आणि किरकोळ वाटणारा गुन्हासुद्धा कबूल करण्याआधी, याचा व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर काय परिणाम होईल, हे आपल्या वकिलाला विचारावं. कबुलीमुळे देशाबाहेर काढलं जाण्याचा धोका असेल, तर तो अशिलाला सांगणं हे वकिलाचं कर्तव्य आहे, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली ठरवून दिलं आहे.